अळवावरचं पाणी आणि साबणाचा एक थेंब



'अळवावरचं पाणी' हा वाक्प्रचार आपण भाषेच्या तासाला शिकवतो. यंदा पावसाळ्यात मी तो विज्ञानासाठी वापरला. घाटकोपरच्या बाजारातून अळूची जुडी आणली आणि पानावर ड्रॉपरने पाणी टाकलं. मोत्यासारखा गोल थेंब! पान जरा कलतं केलं की घरंगळून खाली. मग टूथपिकचं टोक भांडी घासायच्या लिक्विडमध्ये बुडवून थेंबाला लावलं. थेंब खाली बसला, पसरला, आणि पान तिरकं केलं तरी जागेवरच राहिला.

असं का? वर्गाचं एकमुखी उत्तर आलं, "साबणाने पाणी चिकट झालं." खरं सांगते, सुरुवातीची काही वर्षं मीही हे उत्तर बरोबर धरत होते. पण ते चूक आहे.

खोडून काढायला एक रुपयाचं नाणं पुरतं. त्यावर साध्या पाण्याचे थेंब मोजत टाका. पाणी टेकडीसारखं फुगतं, पण सांडत नाही. नाणं धुऊन पुसा आणि साबणाचं पाणी घ्या. आता कितीतरी कमी थेंबांत ओघळतं. पाणी चिकट झालं असतं, तर जास्त मावायला हवं होतं, नाही का?

पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात, म्हणून थेंब गोल व्हायला बघतो. हाच पृष्ठताण. साध्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. साबणाने तो तीसच्या आसपास उतरतो. अळूच्या पानावर मेणाचा थर आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. त्यांच्यामध्ये हवा अडकते. (पान पाण्यात बुडवल्यावर चंदेरी दिसतं, ती हीच हवा.) त्यामुळे थेंब पानाला जेमतेम टेकलेला असतो. साबणाच्या कणाचं डोकं पाण्यात रमतं, शेपटीला मात्र मेण, तेल आवडतं. हे कण थेंबाच्या पृष्ठभागावर आणि पाणी पानाला भेटतं तिथे गोळा होतात. थेंबाची स्वतःवरची पकड सैल होते, पानाशी जुळतं आणि तो पसरतो.

कांद्याच्या, कोबीच्या पानावरही असाच मेणचट थर असतो. म्हणून नाशिककडचे शेतकरी फवारणीच्या औषधात 'स्टिकर' मिसळतात. गावी शेती असलेल्या पालकांना विचारा, लगेच सांगतील. या नावामुळेच चिकटपणाचा समज पक्का होतो, असं मला वाटतं. काही स्टिकर खरंच औषध चिकटवून ठेवतात, पण कांद्यावर आधी थेंब पसरवणंच महत्त्वाचं असतं. प्रमाणापेक्षा जास्त घातलं, तर औषध पानावरून ओघळून मातीत जातं. शिवाय एका मर्यादेनंतर साबणाचे जादा कण पाण्यातच एकमेकांचे पुंजके करतात, पृष्ठताण आणखी उतरत नाही. कपड्यांना दुप्पट पावडर घालणाऱ्या घरांनीही हे वाचावं!

वर्गात करताना एक काळजी घ्या. आमच्याकडे एका मुलीने पान बोटाने चोळलं, आणि साबण न लावताच थेंब चिकटला. मेण निघालं होतं. त्यामुळे प्रत्येक गटाला न हाताळलेलं, अख्खं पान द्या. तुकडे करू नका, चिकाने हात खाजतात.