गोळीनं आयुष्य वाढवलं, आता जगणंही सुधारू द्या

एचआयव्हीविषयीचं आपलं बोलणं अजून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या भीतीतच अडकलं आहे. तेव्हा औषधं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती आणि निदान होईपर्यंत माणूस खंगलेला असे. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या उपचाराची, औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून तर रक्तातल्या सीडी-फोर या संरक्षक पेशी कितीही असोत, निदान झालं की लगेच उपचार, असं धोरण आहे. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीसारख्या गावातल्या बाधित माणसापुढचा आजचा प्रश्न पुढची तीस-चाळीस वर्षं नीट कशी जगायची, हा आहे. त्या वाटेत विषाणूइतकेच पुढचे गैरसमजही आडवे येतात.

गैरसमज : एचआयव्ही निघाला म्हणजे आता थोडेच दिवस उरले.

वस्तुस्थिती : लवकर निदान झालं, उपचार वेळेवर सुरू झाले आणि त्यात खंड पडला नाही, तर बाधित माणूस जवळपास इतरांइतकंच जगू शकतो. पूर्वी मूठभर गोळ्या घ्याव्या लागत. आता बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा घ्यायची असतात. बेंबळीच्या माणसाला त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. धाराशिवच्या सिव्हिलमध्ये एआरटी केंद्र आहे.

गैरसमज : वजन वाढलं, रिपोर्टमध्ये विषाणू दिसेना, म्हणजे बरं झालं; आता गोळी सोडली तरी चालेल.

वस्तुस्थिती : गोळी विषाणूला दाबून ठेवते, शरीरातून पुरता काढून टाकत नाही. गोळी बंद केली की काही आठवड्यांत तो पुन्हा वाढू लागतो, आणि वारंवार खाडे झाले तर औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. म्हणूनच उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासतात.

गोळी चुकण्यामागे बहुतेक वेळा आळस नसतो. कुणी ऊसतोडीला बिऱ्हाड हलवतं, कुणी ट्रकवर असतं, कुणी सासरच्या माणसांसमोर बाटली काढायला धजत नाही. बाटली खुळखुळते म्हणून काही जण गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून धान्यात लपवतात. या गोळ्या ओलाव्यापासून जपायच्या असतात, म्हणून त्या मूळ बाटलीतच घट्ट झाकण लावून ठेवाव्यात. कामासाठी बाहेरगावी जायचं असेल तर आधी केंद्रातल्या समुपदेशकाला सांगावं. तब्येत स्थिर असेल तर जास्त महिन्यांची औषधं मिळू शकतात किंवा जिथं जायचं तिथल्या केंद्रातून घ्यायची सोय करता येते.

गैरसमज : अशा माणसानं लग्न करू नये, मूल तर नकोच.

वस्तुस्थिती : नियमित उपचारानं व्हायरल लोड सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात एक जण बाधित आणि दुसरा नाही, अशी ८८८ जोडपी होती. २०१६ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. इतर गुप्तरोग टाळायला मात्र निरोध हवाच.

बाळाचंही तसंच. काहीच उपचार नसले तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईचे उपचार आणि जन्मानंतर बाळाला औषध, एवढं नीट झालं की ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. म्हणून दिवस गेल्याचं कळताच तपासणी करावी. बाळाची पहिली चाचणी सहा आठवड्यांनी होते, पक्कं निदान अठराव्या महिन्यात.

गैरसमज : त्यांच्या पोरांबरोबर आपली पोरं एका वर्गात नकोत.

वस्तुस्थिती : एका ताटात जेवल्यानं, एक हापसा वापरल्यानं, खोकल्यानं, डास चावल्यानं किंवा एका बाकावर बसल्यानं एचआयव्ही होत नाही. तरीही ही भीती किती खोल असते, हे शेजारच्या लातूर जिल्ह्यानं पाहिलं आहे. औसा तालुक्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी २००७ मध्ये बाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. ही मुलं गावच्या शाळेत बसू लागली, तेव्हा पालकांनी विरोध केला. त्या विरोधाला तोंड देत सेवालय टिकलं. मुलं वयात आली, त्यांच्यासाठी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ उभं राहिलं आणि तिथल्या तरुण-तरुणींची लग्नंही लागली. आईबाप गेलेल्या ज्या लेकरांचं पुढं काय, असं लोक म्हणत, त्यांनी स्वतःचे संसार मांडले. औषध, पोटभर जेवण, शाळा आणि मायेची माणसं मिळाली की काय होतं, ते पाहायला बेंबळीकरांना फार लांब जावं लागत नाही.

गैरसमज : एआरटी चालू आहे ना, मग बाकी काही बघायला नको.

वस्तुस्थिती : आयुष्य वाढलं तसे वयाबरोबरचे आजारही आले. बीपी, शुगर, हृदय, किडनी आणि हाडं यांच्याकडे लक्ष हवं. क्षयरोगाचा धोका मोठा असतो, म्हणून खोकला, ताप किंवा वजन घटणं अंगावर काढू नये. क्षय नसेल तर तो टाळण्याच्या गोळ्याही मिळतात. बाधित स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या सहापट असतो, तेव्हा ती तपासणी टाळू नये.

इतर गोळ्यांचीही माहिती केंद्रात द्यावी. कॅल्शियम, लोह किंवा पित्ताची काही औषधं एकाच वेळी घेतली तर डोल्युटेग्रॅव्हिर पुरेसं अंगी लागत नाही. त्यांच्यात किती तासांचं अंतर ठेवायचं, ते विचारून घ्यावं. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तिची मात्रा ठरवावी लागते. आणि झोप उडणं, मन लागेनासं होणं, जगणं नकोसं वाटणं हीसुद्धा डॉक्टरांना सांगायची लक्षणं आहेत. मन खचलं की गोळीही सुटते.

गैरसमज : कळलं तर नोकरी जाणार, आणि आपलं ऐकणार कोण?

वस्तुस्थिती : २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, शाळा किंवा उपचार यांत भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करणं आणि कुणाचा रिपोर्ट परवानगीवाचून चारचौघांत सांगणं, दोन्हीला हा कायदा मनाई करतो. पात्र कुटुंबांना संजय गांधी निराधार योजनेचा आधार आहे आणि एसटीच्या प्रवास-सवलतीत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

आपल्या घरात किंवा ओळखीत कुणी बाधित असेल, तर हे कुठून आलं, कसं झालं, हे विचारू नका. गोळी संपत आली का, यंदाचा व्हायरल लोड झाला का, धाराशिवला जाताना सोबत येऊ का, एवढं विचारा. मग जेवायला बसताना त्याचं ताट आपल्या शेजारीच मांडा.