वर्टचे वायुमिश्रण

वर्टचे वायुमिश्रण ही बिअरनिर्मितीतील एक प्रक्रिया आहे. मोड आणून वाळवलेल्या सातूपासून, म्हणजेच माल्टपासून, काढलेल्या गोड अर्कास वर्ट म्हणतात. हा अर्क उकळून थंड केल्यावर आणि किण्वन सुरू होण्यापूर्वी त्यात हवा किंवा शुद्ध ऑक्सिजन विरघळवला जातो. मोठ्या कारखान्यांप्रमाणेच घरगुती प्रमाणावरही ही प्रक्रिया केली जाते.

आवश्यकता

द्रवाचे तापमान वाढते तशी त्यातील वायूंची विद्राव्यता घटते. त्यामुळे उकळलेल्या वर्टमध्ये ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही. यीस्टला मात्र आरंभी तो लागतो. त्याचा मुख्य उपयोग श्वसनासाठी होतो, हा समज बरोबर नाही. साखर विपुल असल्यास सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट हवेच्या सान्निध्यातही किण्वनच करते. यास क्रॅबट्री परिणाम म्हणतात. पेशीपटलासाठी लागणारे एर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्ले तयार करण्यास ऑक्सिजन अत्यावश्यक असतो. ऑक्सिजनविरहित वाढीसाठी यीस्टला हे पदार्थ बाहेरून पुरवावे लागतात, असे आंद्रेआसेन आणि स्टिअर यांनी १९५३ व १९५४ मध्ये दाखवून दिले. पेशीविभाजनाच्या वेळी पेशीतील हा साठा नव्या पेशींत वाटला जातो. तो अपुरा पडल्यास वाढ खुंटते, किण्वन रेंगाळते आणि बिअरमध्ये साखर शिल्लक राहते.

प्रमाण व पद्धती

मध्यम तीव्रतेच्या वर्टसाठी दर लिटरमागे सुमारे ८ ते १० मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरेसा मानतात. तीव्र वर्टसाठी तो अधिक लागतो. २०° से. तापमानाला साध्या हवेने सुमारे ८ मिलिग्रॅमची मर्यादा गाठता येते. त्यापुढे शुद्ध ऑक्सिजन वापरावा लागतो. घरगुती पद्धतीत भांडे जोराने हलवतात, वर्ट उंचावरून ओततात किंवा मत्स्यपेटीचा पंप जंतुरोधक गाळणीसह जोडतात. सुके यीस्ट उत्पादनाच्या वेळीच भरपूर हवेत वाढवलेले असते. त्यात स्टेरॉलचा साठा असल्याने त्यास या प्रक्रियेची फारशी गरज भासत नाही.

वेळेचे महत्त्व

गरम वर्टमध्ये हवा मिसळल्यास त्यातील घटकांचे ऑक्सिडीकरण होते. म्हणून वर्ट आधी थंड करतात. किण्वन पूर्ण झाल्यावर शिरलेला ऑक्सिजन तर हानिकारकच ठरतो. त्यामुळे बिअर लवकर शिळी होऊन तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

महाराष्ट्रातील संदर्भ

नंदुरबार जिल्ह्यासह सातपुड्याच्या आदिवासी भागात मोहाची वाळलेली फुले पाण्यात भिजवून आंबवण्याची व त्या द्रवापासून ऊर्ध्वपातनाने मद्य काढण्याची परंपरा आहे. फुले न उकळता भिजवली असल्यास पाण्यात मुळात विरघळलेला ऑक्सिजन यीस्टला उपलब्ध असतो. वर्टच्या बाबतीत तो उकळताना निघून जात असल्याने पुन्हा मिसळावा लागतो. महाराष्ट्रात मद्यनिर्मितीवर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू असून परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे.