ढोरांच्या डॉक्टरकीला पोरगं टाकायचं, तर कुठे आणि कसं?



गळीत हंगाम आटोपला आणि दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे एक विचारणा हमखास येते. लोहाऱ्याकडून येते, तशी उमरखेड-महागावकडूनही येते. पोराला, आणि आता पोरीलाही, ढोरांच्या डॉक्टरकीला टाकायचे आहे. पुसदला कॉलेज आहे म्हणतात, तिथे होईल ना?

नाही होणार. पुसदजवळ वरुडला आहे ते दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय. दूध डेअरीत आल्यावर त्याचे पुढे काय करायचे, पाश्चरीकरण, लोणी, भुकटी, यंत्रे, हे तिथे शिकवतात. शिक्षण चांगले आहे, पण त्या पदवीवर आजारी बैलावर उपचार करता येत नाहीत. हे महाविद्यालय आणि पशुवैद्यक महाविद्यालये एकाच विद्यापीठाखाली येतात, म्हणजे 2000 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. गफलत तिथूनच होते.

डॉक्टरकीची पदवी म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. राज्यात सर्वांत जुने महाविद्यालय मुंबईला परळचे, 1886 सालचे. नागपूरचे 1958 चे, आणि लोहाऱ्याच्या पोराला तेच सोयीचे. त्यानंतर परभणी, उदगीर आणि शिरवळ. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. त्यातले शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष दवाखान्यात, प्रक्षेत्रावर आणि गावोगाव काम करण्याचे. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. खुल्या प्रवर्गाला या विषयांत किमान 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. शिवाय ‘नीट’ परीक्षा द्यावीच लागते. ती मराठीतून देता येते, पण पुढचे शिक्षण इंग्रजीतून आहे हे पोराला आधीच सांगून ठेवा. आणि नीट दिली म्हणजे आपोआप नाव लागते असे नाही. पशुवैद्यकासाठी प्रवेशाचा अर्ज निराळा करावा लागतो. ही तारीख हुकून वर्ष वाया जाऊ शकते.

आता दुसरी वाट, पदविकेची. दहावीनंतर पशुसंवर्धनाची पदविका करून पशुधन पर्यवेक्षक होता येते. गावातल्या दवाखान्यात आपण ज्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतो, त्यांतले बरेच जण याच वाटेने आलेले आहेत आणि त्यांनी मोठे काम केले आहे, यात शंका नाही. मात्र कायदा वेगळे सांगतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 सालचा आहे. त्यानुसार नोंदणी झालेल्या पदवीधरालाच स्वतंत्रपणे रोगनिदान आणि उपचार करता येतात. पदविकाधारकाने लसीकरण, मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा द्यायच्या, त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. ‘पदविका केली की स्वतःचा दवाखाना टाकता येतो’ असे कोणी सांगून फी मागत असेल, तर वावर गहाण ठेवण्याआधी आम्हाला विचारा.

तिसरी वाट छोटी. केंद्राच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये ‘मैत्री’ नावाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण आहे, कृत्रिम रेतनाचे. दहावी-बारावी झालेल्या, घरी चार जनावरे असलेल्या पोराला हे चांगले. हे काम लहान समजू नये. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली ‘बाएफ’ सुरू केली आणि शेतकऱ्याच्या दारात जाऊन गाई भरवण्याची पद्धत रुजवली, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांनीही त्या कामाला हात दिला होता. बायाबापड्यांसाठी बचत गटांतून ‘पशुसखी’चे काम आहे, त्यात मुख्यतः शेळ्या आणि कोंबड्या असतात.

आता अनुभवाचे. उसाच्या बंडीवर वाढलेल्या पोराला बरेच काही न शिकवता येते. बैलाने रवंथ सोडले, नाकपुडीवरचा ओलावा सुकला, डावी कूस ढोलासारखी फुगली, जूवाखाली खांदा सुजला, हे त्याला लांबून दिसते. प्रवेशाच्या गुणपत्रिकेत याचा एकही गुण नाही, आणि आम्हाला ते खटकते. पण कॉलेजात जनावर आवरायची वेळ येते तेव्हा हे पोरगं पुढे असतं. तरीही घरचा सगळाच अनुभव खरा धरू नका. जीभ ओढून, मुंडी वर करून तेल पाजायची आपल्याकडे रीत आहे. ते तेल फुफ्फुसात उतरून चांगला बैल दगावू शकतो. मुक्या मारावर तापल्या लोखंडाचा डाग देणे हेही तसेच. पोराला हे विसरावे लागेल, आणि घरी येऊन बापाला सांगावेही लागेल. ऐकून घ्या.

म्हणून आमचे सांगणे असे, की अकरावीला विज्ञान शाखेचा फॉर्म भरण्याआधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, पोराला पंधरा दिवस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा. डॉक्टरांना विनंती केली तर बहुधा नाही म्हणणार नाहीत. रात्री दोन वाजता अडलेली म्हैस, घटसर्पाने मेलेल्या जनावराचा वास, लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणात बसणारी लाथ, हे सारे पाहून जो सोळाव्या दिवशीही जाईन म्हणतो, त्याला टाका. 2022 साली लम्पी आला तेव्हा लस टोचायला माणसे कमी पडली होती, हे आपण सर्वांनी पाहिले. गरज आहे, पण नुसत्या नोकरीच्या आशेने हे काम होत नाही. पशुधन विकास अधिकाऱ्याची जागा लोकसेवा आयोगामार्फत भरली जाते, तिची वाट पाहावी लागते. मधल्या काळात खाजगी व्यवसाय, डेअरी, कुक्कुटपालन, विमा, औषध कंपन्या यांत काम मिळते. टिपेश्वरच्या वाघांमुळे कोणाला जंगली जनावरांचा डॉक्टर व्हायचे असेल, तर त्यालाही आधी हीच पदवी घ्यावी लागते. वाघाकडे जाणारी वाट गोठ्यातूनच आहे.

या कामात धोकाही आहे. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने काढू नये. सांसर्गिक गर्भपाताचा ताप माणसाला लागतो आणि महिनोन् महिने सोडत नाही. रेबीजची लस काम सुरू करण्याआधीच घ्यावी.

शेवटी एक कागदाची गोष्ट. राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्याला फार वेळ जातो. बारावीच्या निकालाची वाट न पाहता त्याचे प्रकरण अकरावीतच दाखल करा.