व्यवसाय-कर आणि रोजगाराची हमी

कराचे उत्पन्न राज्याच्या एकत्रित निधीत जमा व्हावे आणि त्याचा विनियोग विधिमंडळाने दरवर्षी गरजेनुसार ठरवावा, हा राजस्वशास्त्रातील सर्वमान्य संकेत होय. एखादा कर एकाच खर्चाशी बांधून टाकल्यास अर्थसंकल्पाची लवचिकता कमी होते, हा त्यामागील विचार. महाराष्ट्राने १९७५ मध्ये या संकेतास जाणीवपूर्वक अपवाद केला. तो कितपत युक्त ठरला, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

उदाहरणादाखल जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील निमगाव सावा हे गाव घेऊ. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा मुबलक पाऊस पडतो; पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होत जातो. अशा भागात पाऊस हुकला की शेतमजुराचे काम जाते. त्याच वर्षी पैसेवारी खाली येऊन शेतसाऱ्यात सूट द्यावी लागते. म्हणजे मदतीचा खर्च ज्या वर्षी सर्वाधिक, त्याच वर्षी जमिनीवरील कर आटतो. तेव्हा हमीचा मुख्य आधार पावसावर न हेलकावणाऱ्या उत्पन्नात शोधणे प्राप्त होते. असे उत्पन्न म्हणजे प्रामुख्याने शहरातील पगार, व्यापार व व्यवसाय.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे झालेला प्रयोग हा या योजनेचा उगम. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड सिद्ध केली. १९७५ मध्ये व्यवसाय-कराचा कायदा झाला. पुढे रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अकुशल श्रमाचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढास पंधरा दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता, हा त्याचा गाभा होय. व्यवसाय-कराबरोबरच बागायती जमिनीवरील आणि बिगर-निवासी इमारतींवरील उपकर इत्यादींचे निव्वळ उत्पन्न रोजगार हमी निधीत जावे व तितकीच रक्कम शासनाने स्वतः घालावी, अशी तरतूद झाली. कर देणारा नोकरदार आणि काम मागणारा मजूर यांच्यात प्रत्यक्ष दुवा निर्माण झाला, हे या रचनेचे वैशिष्ट्य.

तथापि या रचनेत एक मूलभूत विसंगती आहे. हक्क मागणीनुसार वाढणारा. कर मात्र मर्यादित. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार या कराची कमाल मर्यादा दरमाणशी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. त्यानंतर किमती कितीतरी पटींनी वाढल्या, मर्यादा तीच राहिली. ती वाढविणे राज्याच्या हाती नाही. शिवाय दरमहा ११,००० रुपये मिळविणारा पुरुष नोकरदार वर्षाला २,५०० रुपये, म्हणजे उत्पन्नाच्या सुमारे १.९ टक्के देतो. दरमहा दोन लाख मिळविणाराही तेवढीच रक्कम देतो व ती त्याच्या उत्पन्नाच्या जेमतेम ०.१ टक्का होते. स्त्रियांना २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत सूट मिळाली, एवढाच काय तो दिलासा. डेन्मार्कसारख्या छोट्या देशाने १९९४ मध्ये श्रमबाजारविषयक खर्चासाठी जे अंशदान सुरू केले, ते उत्पन्नाच्या प्रमाणात आकारले जाते. १९९७ पासून त्याचा दर ८ टक्के आहे. तेथे वेतन वाढले की निधीही वाढतो. आपल्याकडे तसे घडत नाही.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली व अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला. त्यामुळे ही विसंगती काही काळ झाकली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात हमी १२५ दिवसांची झाली, परंतु महाराष्ट्रासारख्या राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला. साहजिकच राज्याच्या स्वतःच्या साधनांचा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे.

सारांश, कर एका उद्दिष्टाशी बांधण्यात दोष नव्हता; अवर्षणातही न आटणारा निधी त्यामुळेच उभा राहिला. दोष आहे तो रुपयांत गोठवलेल्या मर्यादेत. ज्या हक्काच्या पाठीशी वाढणारे उत्पन्न नाही, तो कायद्यात अबाधित राहूनही व्यवहारात आक्रसत जातो. याची झळ प्रथम निमगाव साव्यासारख्या गावातील मजुरास लागते.