‘गॉडस्पीड’ : एक जुना निरोप

दूरच्या प्रवासास निघणाऱ्यास इंग्रज लोक पूर्वी ‘गॉडस्पीड’ म्हणून निरोप देत. आजचा विद्यार्थी त्यातील ‘स्पीड’चा अर्थ वेग असा घेतो आणि ‘देव तुला लवकर पोहोचवो’ असे भाषांतर करून मोकळा होतो. परंतु श्रोतेहो, या शब्दात घाई मुळीच नाही. प्राचीन इंग्रजीत ‘स्पेड’ म्हणजे यश, भरभराट; आजचा ‘स्पीड’ त्याचाच वंशज. तेव्हा ‘गॉड स्पीड यू’ याचा खरा अर्थ ‘देव तुझे कार्य सिद्धीस नेवो’ असा आहे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात, योहानाच्या दुसऱ्या पत्रात, तो अभिवादन म्हणून योजिला आहे. तेथील मूळ ग्रीक शब्द आनंदवाचक आहे.

नित्याच्या बोलण्यातून हा शब्द मागे पडला, तरी धोक्याच्या प्रस्थानसमयी तो आठवतो. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन अंतराळात झेपावले, तेव्हा त्यांचे सहकारी स्कॉट कार्पेंटर यांनी हाच शब्द उच्चारला. यानास वेग हवाच होता. पण केवळ वेगाने माणूस सुखरूप परत येत नाही.

आपणही ‘शुभास्ते पन्थानः सन्तु’ म्हणतो, ते वाट लवकर सरावी म्हणून नव्हे. ती कल्याणाची व्हावी म्हणून.