आश्रमातल्या आजीचे तोंड कोण पाहते?

वसई-विरार भागातल्या वृद्धाश्रमात आपले कोणी असेल, तर भेटीला जाताना फळांसोबत एक मऊ ब्रशही न्या. आजी जेवत नाही म्हणजे रुसलीच असे नाही. हिरडी दुखत असेल, कवळी टोचत असेल. तिला विचारा, तोंडात पाहा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून दात नसले तरी हिरड्या आणि जीभ दिवसातून 2 वेळा ओल्या, स्वच्छ कापडाने पुसाव्यात. पुसताना माणसाला बसते करावे किंवा कुशीवर वळवावे, म्हणजे ठसका लागत नाही.

कवळी रात्री काढून, घासून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते. डबीवर नाव लिहा.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती सोडायला मदत करा. तोंडातली जखम किंवा चट्टा 2 आठवड्यांत गेला नाही, तर दंतवैद्याला दाखवा. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे.

निघताना आश्रमात एवढे विचारा : हिचे तोंड रोज कोण साफ करते?