पाकिटावरचे नाव

गेल्या वैशाखात ताईचे लग्न झाले. घरात माझे अक्षर त्यातल्या त्यात बरे, म्हणून पत्रिकांची पाकिटे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. यात कठीण ते काय, असे म्हणत मी बसले आणि पहिल्या दहा पाकिटांतली तीन बाद झाली. मग आजोबा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. त्यांच्याकडून जे शिकले ते इथे मांडते. कारण आज ना उद्या हे काम आपणा सर्वांच्याच वाट्याला येणार आहे.

पहिली पत्रिका हळदकुंकू लावून गणपतीपुढे, मग कुलदैवताला, हे सर्वांना ठाऊक असते. अडचण माणसांपासून सुरू होते. मी काकांच्या पाकिटावर 'ती.' लिहिले. आजोबा म्हणाले, "अगं, तू नुसती लिहिणारी. बोलावतोय तुझा बाप." मायना निमंत्रकाच्या नात्याने लिहायचा असतो. काका बाबांचे धाकटे भाऊ, तेव्हा ते 'चि.'. पन्नाशीच्या काकांना चिरंजीव करताना मला हसू आवरेना! घरच्या वडीलधाऱ्यांना 'तीर्थरूप', त्यांच्या जागी मानलेल्यांना 'तीर्थस्वरूप' आणि बाकीच्यांना 'श्री.' असा हा क्रम आहे.

'डॉ.', 'प्रा.', 'ॲड.' असेल तिथे पुन्हा 'श्री.' लावू नये. नवरा-बायको दोघेही डॉक्टर असतील तर 'डॉ. व सौ.' लिहून बाईंची पदवी खाऊ नये; ती त्यांनी स्वतः अभ्यास करून मिळवलेली असते. पाठविणाऱ्याच्या जागी आपल्याच नावामागे 'श्री.' लावू नये. 'सहकुटुंब सहपरिवार' हे शब्दही विचार करून लिहावेत. जुन्या मराठीत 'कुटुंब' म्हणजे पत्नी आणि 'परिवार' म्हणजे घरातली बाकीची मंडळी. वसतिगृहातल्या एकट्या मित्राला हे लिहिले तर तो बिचारा परिवार कुठून आणणार? पत्रिका पोस्टाने जायची असेल तर पिन कोडचे सहा आकडे विसरू नयेत. १५ ऑगस्ट १९७२ पासून ते पत्त्याचा भाग झाले आहेत.

हे सारे आपल्याकडे जुन्या पत्रव्यवहारातून आले. पेशवाईतल्या पत्रांत 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' असा लांबलचक मायना असे; त्यातलेच 'रा. रा.' पुढे कित्येक वर्षे पाकिटांवर टिकले. स्त्रियांसाठी मायने वेगळे होते. सवाष्णीला 'वज्रचुडेमंडित', विधवेला 'गंगाभागीरथी'. या दुसऱ्या शब्दाचे 'गं. भा.' अजून आपल्या याद्यांत आहे.

आमच्याही यादीत ते आले. यादी चुलतभावाच्या लग्नातली, सहा वर्षांपूर्वीची. तीत मोठ्या आत्याच्या नावामागे 'सौ.' होते. मधल्या काळात आत्याचे यजमान गेले. आजोबा थांबले. मग खाली बघत म्हणाले, "गं. भा. लिही." मी लिहिले. स्वतःच्या मुलीचे नाव ते सांगत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

आईने ते पाकीट पाहिले आणि काही न बोलता नवे पुढे ठेवले. 'श्रीमती' लिहावे का, असे मी विचारले. आजोबा जरा वेळाने म्हणाले, "ती. लिही. ती तुझ्या बापाहून मोठी आहे. तेवढे पुरे."

त्या रात्री मला यातली गोम कळली. 'ती.' आणि 'चि.' ही नात्याची अक्षरे आहेत. माणूस आपला कोण लागतो ते ती सांगतात. 'कु.', 'सौ.', 'गं. भा.' ही नवऱ्याची अक्षरे आहेत. तो यायचा आहे, आहे की गेला, एवढेच ती सांगतात. पुरुष ब्रह्मचारी असो, संसारी असो वा विधुर असो, त्याचे 'श्री.' जन्मभर तसेच राहते. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' सुचविले, तेव्हा बरीच टीका झाली. शब्द पवित्र आहे, पण तो पाकिटावर आला की पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना बाईचे दुःख वाचायला मिळते.

आता पत्रिका मोबाईलवर येते आणि एकच चित्र तीनशे जणांना जाते. त्यात चूक होत नाही, कारण त्यात कोणाचे नावच नसते. पाकिटावर मात्र प्रत्येक नावापाशी क्षणभर थांबावे लागते. हा माणूस आपला कोण, याचा विचार करावा लागतो. माझ्या मते सगळ्या नियमांचे सार एवढेच आहे. जे अक्षर या विचाराला मदत करते ते ठेवावे. जे दुखवते ते निःसंकोच गाळावे.

आत्या पाकिटाबद्दल काहीच बोलली नाही. पण हळदीच्या दिवशी सकाळी सर्वांच्या आधी दारात उभी होती ती तीच.

— तृतीय वर्ष, कला